लॅपटॉप सारखा बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी रॅम तपासा

रामबागेतल्या आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “जेवलीस का?” या जानेवारीत एकदा तो आलाच नाही. “अगं, हा लॅपटॉप सारखा बंद होऊन राहिलाय. दुकानात नेला तर म्हणे मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या. आणि माझा कुलवृत्तांत?”

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आत्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करते आहे. होळकरशाहीत कोकणातून माळव्यात आलेल्या मूळ पुरुषापासून परवा जन्मलेल्या पणतूपर्यंत. स्कॅन केलेले जुने फोटो, कोण कुणाकडे दत्तक गेला याच्या टिपा, लग्नपत्रिका, सगळं त्या एका यंत्रात. मी इथे इंदूरलाच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, यंत्रं उघडणं-जोडणं रोजचंच. आत्याचा मदरबोर्ड धडधाकट होता. बिघडली होती रॅमची, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीची, एक पट्टी. ती शोधायला एक रात्र आणि एक दुपार गेली, खर्च काहीच आला नाही. तीच पद्धत इथे लिहिते. उदाहरणं विंडोजची आहेत, पण लिनक्सवाल्यांनाही यातलं बरंचसं तसंच्या तसं चालेल.

रॅम बिघडते म्हणजे काय होतं

रॅममधला एकेक बिट (एक 0 किंवा 1) म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दारावरचा एक ट्रान्झिस्टर. ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट 1968 चं. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, चिर गेलेल्या मडक्यातल्या पाण्यासारखा. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक मडकं पुन्हा भरावं लागतं. आठ जीबीच्या रॅममध्ये अशी सुमारे 6,900 कोटी मडकी. त्यातलं एखादं जास्तच गळकं निघालं, तर भरायची पाळी येण्याआधीच तिथल्या 1 चा 0 होऊन बसतो. तापमान वाढलं की गळती वाढते. सकाळी गार असताना शहाण्यासारखा वागणारा लॅपटॉप दुपारी वेड्यासारखा करतो, त्याचं एक कारण हे.

पुढे काय होणार ते त्या जागी काय ठेवलं होतं त्यावर. विंडोजचा गाभा असेल तर निळा पडदा. ब्राउझरचं पान असेल तर तेवढं पान मरतं. फोटो असेल तर पणजोबांच्या पगडीखाली जांभळा पट्टा. आणि वर्डच्या फाइलमधलं एखादं जन्मसाल असेल तर काहीच दिसत नाही, चुकीचं साल निमूटपणे डिस्कवर जाऊन बसतं. क्रॅशपेक्षा मला या शेवटच्या प्रकाराची जास्त भीती वाटते. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रमही मी त्याच भीतीपोटी लावला आहे.

रॅमचा संशय कधी घ्यायचा

लॅपटॉप बंद पडायला शंभर कारणं असतात. रॅमची खूण म्हणजे तिला धरबंद नसतो. आज एक्सेल उघडताना, उद्या यूट्यूब बघताना, परवा कुणी हात लावलेला नसताना. निळ्या पडद्यावरचा मजकूरही दर वेळी वेगळा. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, कधी ‘पीएफएन लिस्ट करप्ट’. नव्या विंडोज 11 मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो, मजकूर तोच. दर वेळी एकच कोड आणि त्याच्या खाली एकाच ड्रायव्हर फाइलचं (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असेल, तर रॅमला सोडा आणि त्या ड्रायव्हरच्या मागे लागा.

पडदा वाचायच्या आतच लॅपटॉप पुन्हा सुरू होतो ही नेहमीची तक्रार. कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिमच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढून टाका. मग पडदा थांबतो आणि मोबाइलवर फोटो काढता येतो. तीन-चार फोटो जमले की तुमच्याकडे पुरावा आहे.

आणखी काही खुणा. झिप फाइल उघडताना ‘सीआरसी एरर’ येते, पण तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नीट उघडते. एखादं सॉफ्टवेअर तीनदा इन्स्टॉल होता होता मध्येच थांबतं आणि चौथ्यांदा मुकाट होतं. पडद्यावर रंगीत ठिपके येतात, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले लॅपटॉप चित्रासाठीही हीच रॅम वापरतात. आणि अगदी टोकाचं म्हणजे पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळाच. अशा वेळी बरेच लॅपटॉप बीपच्या किंवा दिव्याच्या लुकलुकण्यातून काहीतरी सांगत असतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाही असा अर्थ असतो. दुसऱ्या कंपन्यांचे इशारे वेगळे असतात, आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघावेत.

आता रॅमच्या नावावर फाडल्या जाणाऱ्या दुसऱ्या पावत्या. कुठलाही पडदा न दाखवता दिवा विझावा तसा लॅपटॉप बंद पडत असेल आणि खालचा भाग हाताला चटका देत असेल, तर आधी पंख्यातला कचरा काढा. सगळं गोठतं, माउस तेवढा हलतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसते, तर एसएसडी तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. आणि वर्षातून एकदा आलेल्या निळ्या पडद्यासाठी यातलं काहीच करू नका.

तपासाआधी हात आवरा

इथे बहुतेक लोक चुकतात, मीही पूर्वी चुकले आहे. लॅपटॉप बिघडला की माणूस पहिलं काम बॅकअपचं करतो. सल्ला चांगला, पण रॅमचा संशय असताना त्याला एक पोटकलम हवं. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. त्यामुळे जुना, धड असलेला बॅकअप पुसून त्यावर नवा घेऊ नका. नवी प्रत घ्यायचीच तर वेगळ्या पेनड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि तिच्यावर ‘संशयित’ असं नाव लिहा. सगळ्यात उत्तम म्हणजे लॅपटॉपमधला एसएसडी काढून, केसिंगमध्ये घालून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी करणं. मात्र बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही रिकव्हरी की लागते.

याच कारणासाठी विंडोज पुन्हा टाकणं, मोठा अपडेट, डिस्क दुरुस्तीची साधनं हे सगळं रॅमचा निकाल लागेपर्यंत बंद. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, त्याचा अपडेट तर मुळीच नाही. खराब रॅममधून अर्धवट चुकीचा बायोस लिहिला गेला, तर दुकानदाराचं मदरबोर्डाबद्दलचं भाकीत आपणच खरं करून दाखवू.

आणखी एक. बायोसच्या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की लॅपटॉप ती मागू शकतो, आणि त्या क्षणी पासवर्ड आठवत बसण्याइतकी वाईट वेळ नाही. आत्याचं खातं भाच्याच्या जुन्या नंबरवर होतं. त्यात एक तास गेला.

पहिली चाचणी: विंडोजची स्वतःची

स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाइप करा आणि लगेच रिस्टार्ट करून तपासण्याचा पर्याय निवडा. निळ्या पडद्यावर चाचणी सुरू होते. बहुतेक जण इथे नुसते बघत बसतात. तसं न करता एफ1 दाबा. ‘स्टँडर्ड’च्या जागी ‘एक्स्टेंडेड’ निवडा, मग एफ10. स्टँडर्ड चाचणी वरवरची असते. एक्स्टेंडेडला वेळ लागतो, कधीकधी आकडा एकाच टक्क्यावर बराच वेळ थांबतो. वैतागून बंद करू नका.

निकाल लॉग-इन झाल्यावर कोपऱ्यात क्षणभर दिसतो आणि हमखास हुकतो. हुकला तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’वर जा आणि सोर्सच्या रकान्यात ‘मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स’ शोधा.

चूक सापडली तर प्रश्नच मिटला, पुढच्या पायरीला लागा. सापडली नाही तर रॅम निर्दोष सुटली असं मात्र नाही. आत्याचा लॅपटॉप या चाचणीत चक्क पास झाला होता, कारण मी ती सकाळी, थंडीत, गार यंत्रावर घेतली होती. दुकानातही बहुधा एवढंच झालं असावं. रॅम पास, मग उरला मदरबोर्ड.

कंपन्यांच्या स्वतःच्या चाचण्याही असतात. डेलमध्ये सुरू होताना एफ12 दाबून डायग्नोस्टिक्स, एचपीमध्ये एफ2. विंडोजच सुरू होत नसेल तेव्हा या कामी येतात.

दुसरी चाचणी: रात्रभराची

खरी झडती मेमटेस्ट86 घेतं. हे विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणून विंडोजने अडवलेली जागाही त्याला तपासता येते. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, तेवढ्या पुरतात. मेमटेस्ट86 प्लस नावाचं मुक्त-स्रोत भावंडही चांगलं आहे, फक्त त्यासाठी काही यंत्रांवर बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून यंत्र सुरू होऊ न देणारा पहारेकरी) बंद करावं लागतं.

फाइल उतरवण्याचं आणि पेनड्राइव्ह बनवण्याचं काम दुसऱ्या, धड कॉम्प्युटरवर करा. आजारी माणसाकडूनच त्याचा रिपोर्ट लिहून घेऊ नये. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा त्यात मुंजीचे फोटो नाहीत ना ते बघा. मग लॅपटॉपला लावून सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ12, एचपीमध्ये एफ9, आसुसमध्ये एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की चाचणी काही सेकंदांत आपोआप सुरू होते.

इथे एक गोष्ट मुद्दाम करा. चाचणीआधी लॅपटॉप अर्धा-पाऊण तास वापरून गरम होऊ द्या. रोज ज्या अवस्थेत तो बंद पडतो, त्याच अवस्थेत त्याला तपासायचं. मात्र हवेच्या जाळ्या झाकू नका, अॅडॅप्टर लावून ठेवा आणि यंत्र कडक टेबलावर ठेवा. आत्या थंडीत मांडीवर रजई घेऊन तिच्यावर लॅपटॉप ठेवते, म्हणजे जाळ्यांचं तोंडच बंद. दोष पट्टीतच होता, रजईने तो चव्हाट्यावर आणला एवढंच.

आठ जीबीच्या चार फेऱ्यांना काही तास जातात, सोळाला त्याहून जास्त. समोर बसून बघण्यासारखं त्यात काही नाही. मी चाचणी लावून आत्याला घेऊन सराफ्यात गेले. गराडूचे दिवस होते, गर्दीही तेवढीच. रात्री साडेबाराला परत आलो तर पडद्यावर लाल ओळी. पहिली चूक पस्तिसाव्या मिनिटाला आलेली, तोवर सगळं हिरवं.

निकाल वाचायला सोपा आहे. चुकांची संख्या शून्य असायला हवी. एकच चूक आहे, चालून जाईल, असं म्हणायचं नाही. 6,900 कोटींत एक म्हणजे किती कमी, हा हिशेब इथे लागू नाही, कारण त्या एका जागी काय येऊन बसेल ते आपल्या हातात नसतं. चुकांच्या पत्त्यांचा फोटो काढून ठेवा. दर फेरीला तोच पत्ता येत असेल तर बहुधा एखाद्या चिपमधला पक्का दोष. पत्ते विखुरलेले असतील तर पट्टीची बैठक, स्लॉट किंवा दोन पट्ट्यांचं न जमणं, हेही मनात ठेवा.

उघडण्याआधी

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओ-डिम’ असेल तर रॅम सुटी, काढता येण्यासारखी. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावर झाळलेली आहे. काही लॅपटॉपांत चार किंवा आठ जीबी झाळलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी मिसळ असते. ‘स्लॉट्स यूज्ड’ तिथेच दिसतं.

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, मेमटेस्टचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. फोटो दाखवले की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं. आणि लॅपटॉपचा तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसला, तर रॅम राहू दे, बॅटरी फुगली आहे. ती टोचणं धोक्याचं, यंत्र बंद करून जाणकाराकडे द्या.

हत्यारं थोडीच लागतात. शून्य नंबरचा फिलिप्स पेचकस, जुनं एटीएम कार्ड, चिकटपट्टी, कागद. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवा. पोरखेळ वाटेल, पण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो कशात तरी घुसतो. झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी रबरी पायांखाली बघा, तिथे एखादा स्क्रू लपलेला असतो.

शट डाउन करताना शिफ्ट दाबून ठेवा. विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असला की नेहमीच्या शट डाउनला गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे रॅमने बिघडवलेलं काही असेल तर तेही परत येतं. शिफ्ट धरल्याने यंत्र पूर्ण बंद होतं. मग अॅडॅप्टर काढा, झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा.

इंदूरची थंडी कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच स्थिर वीज चिपला मारते. लोकरीचं काही अंगावर नको, टेबलावर प्लॅस्टिकचं कापड नको. पट्टीला हात लावण्याआधी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूच्या चौकटीला बोट टेकवा, म्हणजे तुमचा आणि यंत्राचा भार सारखा होतो. दर वेळी उठून परत बसलात की पुन्हा टेकवा.

काढणं, पुसणं, बसवणं

पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या एकदम बाहेर सारल्या की ती टुणकन तिरकी उभी राहते. कडा धरून ओढा. सोनेरी दातांना बोटं लावू नका.

आता खोडरबर. आपल्याकडे पट्टीचे दात खोडरबराने घासणं हा घरगुती उपाय इतका रुजला आहे की काही ठिकाणी सगळी दुरुस्ती तेवढ्यावरच उरकतात. उपाय खोटा नाही. पावसाळ्याची ओल आणि धूळ यांनी संपर्क बिघडतो आणि नुसतं काढून परत बसवल्यानेही यंत्र सुधारतं. पण त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, धागे न सुटणारं कापड वापरते. ते नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराचा एकच हलका हात, कचरा झटकून टाकायचा. सँडपेपर घेऊन बसलेला कुणी दिसला तर पट्टी त्याच्या हातातून काढून घ्या.

परत बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला खुंट जुळवा, साधारण तीस-पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही चिमट्या टक् करून बसल्या पाहिजेत. दात अर्धे दिसत असतील तर बैठक अपुरी. खराब रॅम म्हणून येणारी बरीच प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून एवढ्यावर एकदा मेमटेस्ट पुन्हा चालवा.

एका वेळी एकच बदल

बैठक नीट करूनही चुका येत असतील तर खरा गुन्हेगार शोधायची वेळ आली. वही घ्या. मी आत्याच्याच कुलवृत्तांताच्या वहीचं मागचं पान वापरलं. तिच्या लॅपटॉपमध्ये दोन पट्ट्या होत्या, एक मूळची चार जीबीची आणि एक नंतर घातलेली आठ जीबीची. दोन पट्ट्या, दोन स्लॉट, म्हणजे चार जोड्या. पट्ट्यांना अ, आ आणि स्लॉटना एक, दोन अशी नावं दिली आणि प्रत्येक जोडी एकटी चालवून बघितली. एकाच पट्टीवर काम करताना लॅपटॉप हळू होतो, बिघडत नाही.

अ ही पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास आणि आ दोन्हीकडे पास, तर दोष पट्टीचा, विषय संपला. आमचं हेच झालं. मूळची चार जीबीची पट्टी दोन्ही घरांत नापास. नवीन माल म्हणून मी आधी आठवर संशय घेतला होता, वहीने तो खोटा ठरवला.

दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्यात पास, तर दोष स्लॉटचा. टॉर्च लावून आत कचरा किंवा वाकलेला दात दिसतो का बघा. स्लॉट सुधारला नाही तर दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच मोठी पट्टी घालून लॅपटॉप बिनघोर वापरता येतो.

एकटी-एकटी पास, जोडीने नापास, हा सगळ्यात खोडकर निकाल. पट्ट्यांचा वेग किंवा जात एकमेकींशी जुळत नाही. एक पट्टी काढून ठेवा, किंवा दोन्ही एकाच मॉडेलच्या घ्या. एकट्या पट्टीवर यंत्र स्थिर झालं की बायोस अपडेट करून बघायलाही हरकत नाही, त्याने कधीकधी समेट होतो.

आणि सगळ्याच जोड्या नापास झाल्या, तर त्या पट्ट्या दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये घालून बघा. तिथे पास झाल्या तर दोष प्रोसेसरमध्ये, त्यातल्या मेमरी कंट्रोलरमध्ये किंवा बोर्डावर. मदरबोर्ड हा शब्द उच्चारायचा हक्क इथे मिळतो, त्याआधी नाही.

रॅम झाळलेली असेल तर

इथे घरी करण्यासारखं कमी आहे. चिप बदलणं म्हणजे ‘चिप लेव्हल’चं काम, गरम हवेची मशीन आणि सरावलेला हात लागतो. जुन्या लॅपटॉपवर तो खर्च परवडतो का हे आधी विचारा.

एक टेकू मात्र आहे. मेमटेस्टमधले सगळे पत्ते वरच्या टोकाचे असतील, समजा आठ जीबीतले सात जीबीच्या पुढचे, तर विंडोजला वरचा भाग वापरूच नकोस असं सांगता येतं. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये बूट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘मॅक्सिमम मेमरी’. सगळ्यात खालच्या चुकीच्या पत्त्यापेक्षा बऱ्यापैकी कमी आकडा भरा. लिनक्समध्येही बूटच्या वेळी ठरावीक पत्ते वगळता येतात. हा टेकू परीक्षेचे दोन महिने किंवा नवा लॅपटॉप येईपर्यंतचा. घराण्याचा इतिहास त्यावर लिहू नका.

नवी पट्टी घ्यायची तर

2025 च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव चांगलेच चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांचा मोठा वाटा ओढून घेतल्यामुळे. तेव्हा खरंच गरज आहे का ते आधी बघा. आत्याला वर्ड, फोटो आणि नाट्यगीतं एवढंच लागतं, तिचं आठ जीबीत भागलं.

घ्यायचीच असेल तर जुनी पट्टी चंदेरी पिशवीत घालून सोबत न्या. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं ओळीने आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारा. पट्टीवरच्या लेबलावर सगळं लिहिलेलं असतं. ‘पीसी4’ म्हणजे डीडीआर4, ‘पीसी5’ म्हणजे डीडीआर5. ‘पीसी3एल’मधला एल कमी व्होल्टेजचा, 1.35 व्होल्टचा. साधी डीडीआर3 1.5 व्होल्टवर चालते, आणि नुसती एलच मानणाऱ्या लॅपटॉपात ती घातली की यंत्र सुरूच होत नाही किंवा रुसत राहतं. लॅपटॉपच्या पट्टीला डीडीआर3 मध्ये 204, डीडीआर4 मध्ये 260 आणि डीडीआर5 मध्ये 262 पिना असतात, खाचेची जागाही वेगळी. जात नसेल तर ती तुमची नाही, दाबू नका.

वेगात 2666 आणि 3200 अशी मिसळ केली तर दोन्ही कमी वेगाने चालतात, त्यात पाप नाही. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि स्टिकर सोलू नका. कित्येक ब्रँड रॅमवर लांब पल्ल्याची वॉरंटी देतात, ती याच दोन गोष्टींवर अडते. नव्या पट्टीलाही पहिल्या रात्री मेमटेस्टला बसवा. नवी आहे म्हणून सूट नाही.

बदलल्यानंतर

पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर, डीडीआर5 मध्ये त्याहूनही जास्त वेळ काळा राहू शकतो. रॅमशी जुळवून घेण्याचं काम चालू असतं. घाबरून बटण दाबू नका.

आता दुरुस्तीची पाळी, जी आपण आधी रोखून धरली होती. ‘कमांड प्रॉम्प्ट’ अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टिम फाइल चेकर चालवा, मग चेक डिस्क. इतके दिवस खराब रॅममधून डिस्कवर जे लिहिलं गेलं, त्यातल्या विंडोजच्या फाइली यातून बऱ्याचशा सुधारतात. यानंतरही विंडोज कुरकुर करत असेल तर ते नव्याने टाका. आता टाकायला हरकत नाही.

तुमच्या स्वतःच्या फाइली मात्र कुठलंच साधन सुधारून देत नाही, कारण पणजोबांचं जन्मसाल 1881 होतं की 1891 हे त्याला कुठून कळणार? जुना बॅकअप, संशयित प्रत आणि डिस्कवरची प्रत समोरासमोर ठेवून बघावं लागतं. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कम्पेअर’ आहे, दोन फाइलींतले फरक ते रंगवून दाखवतं. आत्याकडे दिवाळीतला एक पेनड्राइव्ह होता, देवघराच्या खणात, कापसाच्या डबीशेजारी. त्यातल्या फाइलींशी ताडून पाहिलं. नवी वर्डची फाइल जवळजवळ धड निघाली, अकरा फोटो खालच्या अर्ध्यात बिघडले होते. त्यातले आठ पेनड्राइव्हवर चांगले सापडले. दोन उज्जैनच्या काकांकडून व्हॉट्सअॅपवर आले, जरा धुरकट. एक मूळ फोटो पुन्हा स्कॅन करायचा आहे, तो कुणाच्या तरी अल्बममध्ये आहे आणि कुणाच्या ते आत्या शोधते आहे.

चार जीबीच्या त्या पट्टीवर मी लाल नेलपॉलिशने फुली मारली. खराब पट्टी तशीच खणात ठेवली की दोन वर्षांनी कुणीतरी ‘अरे, रॅम पडलीये’ म्हणून ती दुसऱ्या यंत्रात घालतं. सोमवारी कॉलेजच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकली.